पोकळ भिंत आणि जड सामान : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पार्टिशनच्या आणि जिप्सम बोर्डाच्या भिंतींवर सामान टांगण्याबद्दल मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून पत्रं आली. सारखेच प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. पत्रं वेगवेगळी असली तरी प्रत्येक उत्तरात एक गोष्ट पुन्हा येईल : वजन बोर्डावर टाकू नका, बोर्डामागच्या सांगाड्यावर टाका. बोर्ड हे कातडं आहे, हाडं आत आहेत.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : हॉलमध्ये जिप्समचं पार्टिशन घातलं. त्यावर ४३ इंची टीव्ही लावण्यासाठी भोकं पाडून गिट्ट्या ठोकल्या आणि स्क्रू पिळले. चौथ्या दिवशी वरचे दोन स्क्रू गिट्टीसकट बाहेर आले. टीव्ही वाचला. आता तो कुठे आणि कसा लावावा?

उत्तर : गिट्टी विटेत का धरते ते आधी पाहा. स्क्रू आत शिरला की गिट्टी फुगते आणि चहूबाजूंनी विटेवर दाबून बसते. तुमचा बोर्ड बहुधा साडेबारा मिलिमीटरचा, म्हणजे अर्ध्या इंचाचा असेल. दीड इंचाच्या गिट्टीचा अर्धा इंच बोर्डात आणि उरलेला एक इंच पोकळीत लोंबतो. जो अर्धा इंच धरतो, त्याला फुगायला समोर असतो तो खडूसारखा ठिसूळ जिप्सम. तो दाबला की भुगा होतो आणि भोक मोठं होतं. भोक पाडताना ड्रिल हॅमरवर ठेवलं असेल तर नुकसान आणखी. पुढून भोक नीटनेटकं दिसतं, पण मागचा कागद फाटून तिथे रुपयाएवढा खळगा पडलेला असतो. जिप्समला नेहमी हॅमर बंद करून, हलक्या हाताने भोक पाडायचं.

आता सांगाडा शोधा. बोर्डामागे पत्र्याच्या उभ्या पट्ट्या असतात. कारागीर त्यांना स्टड म्हणतात. दोन स्टडमधलं अंतर बहुतेक कामांत दोन फूट, म्हणजे ६१ सेंटिमीटर असतं. काही ठिकाणी ते ४० सेंटिमीटरही ठेवतात. छोटा लोहचुंबक दोऱ्याला बांधून भिंतीला टेकवा आणि सावकाश आडवा सरकवा. बोर्डाचे स्क्रू पुट्टीखाली दडलेले असतात, त्यांच्यापाशी चुंबक चिकटतो. तिथे पेन्सिलने खूण करून वर-खाली शोधा. एकाखाली एक स्क्रू सापडले की ती स्टडची रेघ. एखाद्या ठिकाणी इंचभर अंतराने स्क्रूच्या दोन ओळी सापडल्या तर तिथे दोन बोर्डांचा जोड आहे. त्या जोडाच्या फटीत स्क्रू घालू नका, शेजारचा स्टड घ्या. खात्रीसाठी टीव्हीमागे झाकलं जाईल अशा जागी दोन मिलिमीटरच्या बिटने भोक पाडा. बोर्ड संपल्यावर बिट पत्र्याला टेकून अडला तर स्टड आहे. भस्सकन आत गेला तर पोकळी.

टीव्हीच्या ब्रॅकेटची पाटी बहुधा दोन स्टडांपर्यंत पोहोचत नाही, कारण तिची रुंदी दोन फुटांहून कमी असते. त्यावर उपाय प्लायचा. १८ मिलिमीटरच्या चांगल्या प्लायचा ८० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर उंच तुकडा घ्या आणि रंग किंवा सनमायका लावून घ्या. तो आडवा धरून दोन्ही स्टडांवर बसवा. प्रत्येक स्टडवर तीन स्क्रू, एकाखाली एक. स्क्रूची लांबी अशी धरा : प्लाय १८, बोर्ड साडेबारा आणि पत्र्यातून पुढे किमान १० मिलिमीटर. म्हणजे साधारण ४१, बाजारात ५० मिलिमीटरचा मिळतो तो घ्या. स्क्रू टोकाला ड्रिल असलेला, सेल्फ ड्रिलिंगचा हवा. प्लायमध्ये आधी स्क्रूच्या जाडीएवढी आरपार भोकं पाडून ठेवा, नाहीतर आटे प्लायमध्येच अडकतात आणि प्लाय भिंतीपासून सुटा राहतो. ड्रिल सावकाश फिरवा. स्टडचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा असतो, जोर केला की स्क्रू जागेवरच फिरायला लागतो. असा फिरता स्क्रू धरत नाही. तो काढून दोन सेंटिमीटर वर-खाली नवा घाला. प्लाय बसला की ब्रॅकेट त्या प्लायवर, लाकडाच्या स्क्रूने.

ब्रॅकेट भिंतीला चिकटून राहणारं घ्या, पुढे ओढायच्या हाताचं नको. हिशोब सोपा आहे. टीव्ही आणि ब्रॅकेट मिळून १२ किलो, आणि पाटीची उंची २० सेंटिमीटर धरा. टीव्ही भिंतीपासून ५ सेंटिमीटरवर असेल तर वरच्या स्क्रूंवर बाहेर ओढणारा जोर १२ गुणिले ५ भागिले २०, म्हणजे ३ किलो. तोच टीव्ही ४० सेंटिमीटर पुढे ओढला की जोर २४ किलो. वजन तेच, ओढ आठपट. जिप्समच्या भिंतीवरचं सामान खाली घसरण्यापेक्षा असं पुढे उपटून पडतं.

प्रश्न (उदगीर) : हार्डवेअरच्या दुकानात "जिप्समची गिट्टी" मागितली तर तीन-चार प्रकार समोर ठेवतात. कोणती कशाला?

उत्तर : जिथे स्टड सापडत नाही किंवा वस्तू स्टडांच्या मधोमधच हवी, तिथे या लागतात. साडेबारा मिलिमीटरच्या कोरड्या, धड बोर्डासाठी आमचे आकडे देतो. पाकिटावर यापेक्षा मोठे आकडे छापलेले असतात, पण ते बहुधा अँकर, म्हणजे ही गिट्टी किंवा बोल्ट, उपटून येईपर्यंतचे असतात. रोजच्या वापरासाठी त्याचा चौथा हिस्सा धरावा.

पहिली, जाड आट्यांची नायलॉनची किंवा जस्ताची गिट्टी, जी स्क्रू ड्रायव्हरने पिळतच बोर्डात जाते. घड्याळ, कॅलेंडर, चाव्यांची पाटी, तीन-चार किलोपर्यंतची फ्रेम यांना ती पुरते. एकदा काढली की त्याच भोकात परत बसत नाही, म्हणून जागा आधीच नक्की करा. शेवटचा वेढा हाताने द्या. कड बोर्डाला समतल झाली की थांबा. आणखी पिळली तर आतले आटे जिप्सम कापतात.

दुसरी धातूची, छत्रीसारखी. ही भोकात घालून स्क्रू आवळला की मागे पोकळीत तिचे पाय दुमडून बोर्डाला पाठीमागून धरतात. दोन अशा अँकरवर आठ-दहा किलोची वस्तू निर्धास्त राहते. घेताना तिची पकड किती जाडीसाठी आहे ते पाहा. पार्टिशनला दोन बोर्ड एकावर एक लावले असतील तर जाडी २५ मिलिमीटर होते, आणि अर्ध्या इंचाच्या बोर्डाची छत्री तिथे उघडतच नाही.

तिसरा पंखवाला बोल्ट, ज्याला दुकानदार बटरफ्लाय किंवा टॉगल म्हणतात. पंख मिटून भोकातून आत ढकलायचे, आत गेले की स्प्रिंगने उघडतात. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १६ मिलिमीटरचं भोक लागतं, म्हणून वस्तूची पाटी ते भोक झाकेल एवढी हवी. बोल्ट आधी वस्तूच्या भोकातून घाला, मग पंख लावा, मग भिंतीत ढकला. हा क्रम चुकला तर बोल्ट काढावा लागतो आणि पंख भिंतीच्या पोटात पडतो, तो परत मिळत नाही. आवळताना बोल्ट आपल्याकडे ओढून धरा, म्हणजे पंख आत गरगर फिरणार नाहीत. तिघांत हाच दणकट, पण यानेही बोर्डाची ताकद वाढत नाही. तो फक्त वजन जास्त जागेवर पसरवतो.

बोर्ड बसवताना वापरतात ते काळे स्क्रू सामान टांगायला घेऊ नका. ते कडक पण ठिसूळ असतात. आडवा भार आला की वाकत नाहीत, डोकं सरळ तुटतं.

प्रश्न (लातूर) : आमच्या क्लासच्या दोन खोल्यांमध्ये जिप्समचं पार्टिशन आहे. दोन्ही बाजूंना आठ बाय चार फुटांचे पांढरे बोर्ड लावायचे आहेत. एक लावलेला बोर्ड वर्षभरात वरून सुटून पुढे झुकला.

उत्तर : लिहायच्या बोर्डाला त्याच्या वजनापेक्षा हाताचा दाब जास्त छळतो. दिवसभर लिहिणं, पुसणं, टेकणं, डस्टर आपटणं यामुळे प्रत्येक अँकर रोज शेकडो वेळा हलतो आणि भोक हळूहळू रुंदावत जातं. म्हणून इथे पोकळीतला एकही अँकर वापरू नका.

आठ फुटांच्या लांबीत दोन फुटांच्या अंतराने चार किंवा पाच स्टड येतात. बोर्डाच्या वरच्या आणि खालच्या कडेशी प्लायच्या चार इंच रुंद आडव्या पट्ट्या भिंतीला लावा. प्रत्येक स्टडवर प्रत्येक पट्टीला दोन स्क्रू. मधे, दोन फुटांच्या उंचीवर, तिसरी पट्टी टाका, म्हणजे लिहिताना बोर्ड आत दबणार नाही. मग बोर्डाचे क्लिप त्या पट्ट्यांवर. दोन्ही बाजूंना बोर्ड लावायचे तर पलीकडचे स्क्रू चार-पाच सेंटिमीटर वर-खाली सरकवा आणि स्टडच्या रुंदीपेक्षा लांब स्क्रू वापरू नका. पन्नास मिलिमीटरच्या स्टडमध्ये दोन्हीकडून लांब स्क्रू शिरले तर आत वायरची पाइप असल्यास ती दोन्ही बाजूंनी धोक्यात येते.

मुळात ते पार्टिशन हलतंय का हेही पाहा. छातीच्या उंचीवर तळहाताने ढकला. अख्खी भिंत झुलत असेल तर वर बहुधा ती स्लॅबपर्यंत गेलेली नाही, फॉल्स सीलिंगलाच संपवली आहे. अशा भिंतीवर दोन मोठे बोर्ड लावण्याआधी सीलिंगचा तुकडा उघडून वरचा चॅनल स्लॅबला, किमान दर दोन फुटांवर, तिरप्या आधारांनी बांधून घ्या. मुलं त्या भिंतीखाली बसतात. हे काम पुढच्या बॅचवर ढकलू नका.

काचेचा बोर्ड घेणार असाल तर वजन मोजून घ्या. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो असतं. आठ बाय चार फूट म्हणजे जवळजवळ तीन चौरस मीटर. आठ मिलिमीटरची काच ६० किलोच्या घरात जाते. ती जिप्समवर नको, विटेच्या भिंतीवर लावा.

प्रश्न (जालना) : किचनमधलं आरओ जिप्समच्या भिंतीवर चालेल का?

उत्तर : चालेल, दोन अटींवर. वजन पाण्यासकट धरा. आठ लिटरच्या टाकीचं मशीन भरल्यावर सहज १५ किलोपर्यंत जातं, शिवाय घरचा प्रत्येक माणूस नळ दाबताना त्याला खाली ओढतो. म्हणून किमान एक स्क्रू-रेघ स्टडवर, किंवा वर सांगितलेला प्लायचा तुकडा. दुसरी अट गळतीची. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, फिल्टर आणि जोड क्षारांनी लवकर धरतात आणि थेंब थेंब गळायला लागतात. तो थेंब मशीनमागे भिंतीवरून उतरतो आणि दिसत नाही. मशीन भिंतीपासून बोटभर पुढे राहील अशी व्यवस्था करा आणि महिन्यातून एकदा मागे हात फिरवा. ओल लागली तर आधी पाणी बंद, मग बाकीचं. नवं पार्टिशन करत असाल तर किचनला हिरव्या कागदाचा, ओल सोसणारा बोर्ड मागा. तोही ओल सोसतो, भिजणं सोसत नाही.

गिझर मात्र नको. १५ लिटरच्या गिझरमध्ये १५ किलो पाणी आणि वर लोखंडाचं वजन. तो विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीवरच.

प्रश्न (परभणी) : दोन वर्षं घट्ट असलेलं पुस्तकांचं शेल्फ यंदा मे महिन्यात सैल झालं. शेल्फवर काही वाढवलेलं नाही. खोलीत कूलर चालतो. त्याचा काही संबंध?

उत्तर : पूर्ण संबंध आहे. जिप्सम पाण्याशी जमवून घेत नाही. ओल शिरली की मऊ होतं, कागद फुगतो, आणि अँकरच्या दाताखालचा भाग दबून जातो. कूलर तासन्तास दमट हवा फेकतो. खिडकी बंद ठेवून कूलर लावला तर ती हवा बाहेर जातच नाही, आणि त्याचं तोंड पार्टिशनकडे असेल तर बोर्ड रात्रभर ओलसर राहतो. खालच्या बाजूला स्कर्टिंगजवळ रंग फुगलाय का, नखाने दाबल्यावर खूण उमटते का, ते पाहा.

शेल्फ उतरवा. कूलरची दिशा बदला, समोरची खिडकी किंवा दार उघडं राहू द्या. खरं तर तसं केल्यानेच कूलर नीट गार करतो. बोर्ड दोन-तीन आठवडे वाळू द्या. वाळल्यावर बोर्ड पुन्हा कडक वाटतो, पण दबलेल्या भोकाची ताकद परत येत नाही. जुनी भोकं बुजवून टाका आणि नवी जागा किमान १० सेंटिमीटर बाजूला, शक्य असेल तर स्टडवर घ्या. फुगून पापुद्रा सुटलेला बोर्ड वाळवून उपयोग नाही, तेवढा तुकडा बदलावा लागतो.

शेल्फबद्दल आणखी एक. पुस्तकं जड असतात. एक फूट लांबीच्या रांगेत आठ-दहा किलो सहज भरतात. तीन फुटांचं शेल्फ म्हणजे २५ ते ३० किलो, तेही भिंतीपासून पुढे आलेलं. पुस्तकांचं कपाट जमिनीवर उभं करा आणि भिंतीला फक्त वरून अडकवा. आमचा हाच आग्रह आहे.

प्रश्न (नांदेड) : बाळासाठी झोळी बांधायची आहे. खोलीला फॉल्स सीलिंग आहे. त्याच्या पत्र्याच्या पट्टीला हुक लावला तर चालेल असं एकजण म्हणाला.

उत्तर : नाही. कोणत्याही कारणाने नाही.

फॉल्स सीलिंगचा सांगाडा बोर्डाचं आणि दिव्यांचं वजन पेलण्यापुरता असतो. तो स्लॅबला पातळ पट्ट्यांनी लटकवलेला असतो. झोळीत बाळ सहा किलोचं असलं तरी झोका देताना ओढ त्याहून जास्त होते, आणि घरातलं मोठं मूल कधीतरी त्या झोळीत बसतंच. पट्टी एकदा वाकली की शेजारच्या पट्ट्यांवर भार जातो आणि सीलिंगचा मोठा तुकडाच खाली येतो.

स्लॅब ओतताना सळ्यांत अडकवून ठेवलेला पंख्याचा जुना हुक सीलिंगच्या वर असेल तर तोच शोधा. गंजलेला नसेल आणि सळी चांगली जाड असेल तर पंखा दुसरीकडे नेऊन तो झोळीला वापरता येतो. सीलिंगला गोल भोक पाडून दोर किंवा साखळी सरळ खाली आणा, ती बोर्डाच्या कडेला घासता कामा नये. बाळाला निजवण्याआधी ५० किलोचं पोतं तासभर टांगून ठेवा आणि झोका देऊन पाहा. मग दर आठवड्याला हुक, साखळी आणि कापडाची गाठ बघत राहा.

हुक नसेल तर स्लॅबला जाड पाटी बसवावी लागते : चार भोकांची, १० मिलिमीटरच्या चार अँकर फास्टनरची. एका फास्टनरवर जीव टांगायचा नाही. भोक पाडताना वायरची पाइप आणि सळ्या टाळाव्या लागतात, आणि भोकातली धूळ फुंकून काढल्याशिवाय फास्टनर धरत नाही. स्लॅबचा गिलावा सुटलेला असेल किंवा सळी गंजून तडे गेले असतील तर तेही नको. तिथे लोखंडी स्टँडची झोळी घ्या. ती बाजारात मिळते, भाड्यानेही मिळते.

पंख्याबद्दल ज्यांनी विचारलं त्यांनाही हेच उत्तर. पंखा स्लॅबच्या हुकाला, लांब रॉडने, आणि रॉड सीलिंगला कुठेही न टेकता.

प्रश्न (औसा तालुका) : घरात आजोबांचा तीन बाय चार फुटांचा काचेचा फोटो पलंगाच्या वर आहे. आई म्हणते, ९३ नंतर डोक्यावर काही ठेवू नये. भिंत नवीन, जिप्सम लावलेली आहे. काय करावं?

उत्तर : आईंचं ऐका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा लोक झोपेत होते, आणि किल्लारी परिसरात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद त्यांच्या अंगावर आलं. आजचं घर हलकं असलं तरी निजायच्या जागेवर जड वस्तू नसावी हा नियम हाच भाग सगळ्यांत चांगला जाणतो.

तुमच्या फोटोचं वजन काढू. तीन बाय चार फूट म्हणजे १.१ चौरस मीटरला थोडं जास्त. काच चार मिलिमीटरची असेल तर नुसती काच ११ किलो, फ्रेम आणि पाठीमागचा प्लाय धरून १५ च्या आसपास. हा फोटो एका खिळ्यावर दोरीने लटकवलेला असेल तर उद्याच उतरवा. दुसऱ्या, पलंग नसलेल्या भिंतीवर असा लावा : तीन इंच रुंद प्लायची पट्टी लांबीत ४५ अंशांच्या उताराने कापून दोन तुकडे करा. एक तुकडा भिंतीवर दोन स्टडांना, उतार वर आणि भिंतीकडे करून. दुसरा फोटोच्या मागे, उलटा. फोटो वरून खाली सरकवला की दोन्ही उतार एकमेकांत बसतात. खालच्या दोन कोपऱ्यांना छोट्या एल पट्ट्या लावल्या की धक्क्याने फोटो वर उचलला जात नाही. सुताराला हे काम तासाभराचं. काच काढून तेवढ्याच जाडीचं अॅक्रिलिक लावलं तर काचेचे ते ११ किलो जवळजवळ निम्मे होतात.

उंच कपाटांनाही वरून दोन एल अँगल लावा, स्टडवर. कपाटाच्या वर ठेवलेल्या पेट्या आणि पितळी भांडी खाली घ्या.

प्रश्न (बीड) : जुन्या वाड्यात माती-दगडाच्या भिंतीला गिट्टी धरत नाही.

उत्तर : धरणार नाही. पांढऱ्या मातीत ती फुगते आणि माती सुटते. माळवदाच्या घरात वजन लाकडाच्या खांबांवर आणि तुळयांवर असतं, सामानही तिथेच द्या. खांबात आधी बारीक भोक, मग लाकडाचा स्क्रू. जुनं सागवान वाळून इतकं कडक झालेलं असतं की भोकाशिवाय स्क्रू तुटतो. हलक्या वस्तूंना दगडांच्या सांध्यात बाभळीची चौकोनी खुंटी, वीतभर लांब, किंचित वरच्या बाजूला तोंड करून ठोकलेली. कोनाडा असेल तर तो वापरा, त्यासाठीच तो ठेवलेला असतो.

प्रश्न (हिंगोली) : उपटलेल्या गिट्टीचं भोक कसं बुजवावं? पांढरं सिमेंट भरलं तर ते सुटून आलं.

उत्तर : सिमेंट बोर्डाला आणि त्याच्या कागदाला धरत नाही. जिप्समच्या सांध्यांना वापरतात तो जॉइंटिंग कंपाउंड आणा. करंगळीएवढ्या भोकाची उचकटलेली कड कटरने कापून काढा, पाण्याचा हलका हात फिरवा, कंपाउंड भरा. वाळल्यावर खाली बसेल, मग दुसरा हात, हवा तर तिसरा. प्रत्येक हात पुरता वाळल्याशिवाय पुढचा नाही.

भोक मुठीएवढं असेल तर कंपाउंड आतच पडत राहतो. भोक चौकोनी कापा. त्यापेक्षा दहा सेंटिमीटर लांब प्लायची पट्टी तिरपी करून आत घाला, मागून बोर्डाला टेकवून ओढून धरा आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना बोर्डातून स्क्रू मारून बांधा. त्या पट्टीवर बोर्डाचा नेमका मापाचा तुकडा स्क्रूने बसवा. सांध्यावर कागदी टेप, वर कंपाउंडचे दोन-तीन हात, मग पॉलिश पेपर आणि रंग. त्या प्लायच्या पट्टीवर पुढे हलकी वस्तूही टांगता येते.

प्रश्न (अंबाजोगाई) : वरच्या मजल्यावर जिप्समच्या भिंती करायच्या आहेत. आधीच काय सांगून ठेवावं?

उत्तर : हा प्रश्न आधी विचारलात, फार बरं केलंत. सांगाडा उभा राहिल्यावर आणि बोर्ड लागण्याआधी एक दिवस मागून घ्या. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी भिंतीपुढे उभं राहून काय कुठे लागणार ते सांगायचं : टीव्ही, आरओ, आरसा, बेसिन, पडद्याचे रॉड, देवघर, आईंच्या खोलीत हाताने धरायची दांडी. त्या प्रत्येक ठिकाणी दोन स्टडांच्या मधे १८ मिलिमीटरचा प्लाय आडवा भरून घ्या, स्टडांच्या तोंडाशी समतल, नाहीतर बोर्ड तिथे फुगलेला दिसेल. पडद्यासाठी खिडकीच्या वर सलग सहा इंचांची पट्टी, खिडकीच्या दोन्ही बाजूंना फूटभर पुढे गेलेली. पडदा रोज ओढला जातो, म्हणून रॉड बोर्डावर टिकत नाही. भिंतीवरचं देवघर असेल तर प्लाय तर हवाच, शिवाय समईची ज्योत बोर्डापासून लांब ठेवायची जागा हवी. ५० अंशांच्या वर सतत तापणाऱ्या जागी जिप्सम हळूहळू भुसभुशीत होतो.

प्लाय वाळवी न लागणाऱ्या प्रतीचा घ्या आणि जमिनीला टेकवू नका. बेसिन टांगायचं तर प्लाय पुरत नाही, जमिनीवर टेकलेली लोखंडी चौकट लागते. विजेच्या पाइपा प्लायच्या मागून नेऊ नका, स्विचबोर्डापासून सरळ उभ्या न्यायला सांगा, म्हणजे स्विचबोर्डाच्या वरच्या आणि खालच्या रेघेत भोक पाडायचं नाही एवढं लक्षात ठेवलं की पुरतं. तरीही भोक पाडण्याआधी त्या खोलीचा एमसीबी खाली करा.

आणि बोर्ड लावण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. भिंतीच्या एका कोपऱ्यातून मोजपट्टी जमिनीलगत ताणून ठेवा, दुसरी उभी धरा, आणि आकडे वाचता येतील इतक्या जवळून टिपा. स्टड, प्लाय, पाइप सगळं त्यात आलं पाहिजे. फोटोवर खोलीचं नाव आणि भिंतीची दिशा लिहा, एक प्रत छापून मीटरबोर्डाच्या दाराच्या आत चिकटवा.